यादीची चौदावी ओळ

आमच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात बाहेरून आलेला कोणताही माल, मग तो पोलादी सळयांचा भारा असो की ऑइल सीलचे एखादे खोके, आवक तपासणीच्या टेबलावरून गेल्याशिवाय यंत्रांपर्यंत पोहोचत नाही. हा नियम वडिलांनी घालून दिला. ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही संस्था पुढे विद्यापीठात सामावली गेली, तरी बडोदेकरांच्या तोंडी तिचे नाव कलाभवनच राहिले. तिथे काय शिकलात असे कोणी विचारले, तर वडील एवढेच सांगत, की मालाकडे नंतर पाहावे, आधी ऑर्डरचा कागद काढावा. त्यांच्या मुलाने आयुष्यातली सर्वांत महाग वस्तू विकत घेताना नेमका तोच कागद वाचला नाही.

ती वस्तू म्हणजे पोर्शे ७१८ केमन. दोन आसने, आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे बसवलेले १,९८८ सीसीचे, आडव्या चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन, ३०० अश्वशक्ती आणि सात गिअरांची पीडीके नावाची स्वयंचलित पेटी, एवढी तिची ओळख पुरे आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशी गाडी कशाला हवी, हा प्रश्न घरात सर्वांनी आपापल्या परीने विचारून झाला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही.

या गाडीच्या खरेदीतला अवघड भाग पैसे भरण्याचा नसून निवडीचा होता. साध्या गाडीत तीन-चार श्रेणी असतात, त्यांतली एक उचलली की काम संपते. येथे मात्र मूळ गाडी जवळजवळ सुटी मिळत होती आणि चाकांपासून आरशांपर्यंत बहुतेक गोष्टी स्वतंत्र ऑप्शन म्हणून निवडाव्या लागत होत्या. प्रत्येक ऑप्शनची जर्मनीतली किंमत वाचून मनात रुपये करण्याचा खेळ मी पहिल्या आठवड्यातच सोडला, कारण त्या किमतीवर आयातशुल्क आणि जीएसटी चढल्यावर तयार होणारा आकडा हा वेगळाच प्राणी असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर आपण गाडीची रचना करून जतन केली, की तिला एक संकेतांक मिळतो, आणि तो विक्रेत्याला कळवला, की त्याच्या पडद्यावर नेमकी तीच गाडी उभी राहते. सोय उत्तम आहे. फक्त आपल्याजवळ असे किती संकेतांक आहेत आणि त्यांतला कोणता कोणाला पाठवला, हे लक्षात ठेवावे लागते.

माझ्याजवळ दोन होते. पहिली रचना २०२३ च्या जुलैत एका पावसाळी रविवारी माझ्या भाच्याने केली. त्याच्या डोक्यात लडाखची सहल असल्यामुळे त्याने तापणारी आसने घेतली, आणि चाकांच्या मध्यभागी कंपनीचे रंगीत चिन्ह असलेल्या टोप्याही घेतल्या. पंधरा दिवसांनी मी शांतपणे बसून ती रचना दुरुस्त केली. बडोद्याचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला तापणारे आसन म्हणजे तवा वाटणार, म्हणून तिथे मी हवा खेळवणारी आसने घेतली. रंगीत टोप्या मला लग्नातल्या फेट्यावरच्या तुऱ्यासारख्या वाटल्या, म्हणून त्या काढल्या. बाकी सर्व तसेच ठेवले. दुसरा संकेतांक मी विक्रेत्याच्या प्रतिनिधीला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यानंतर ऑर्डरची पक्की प्रत ईमेलने आली. त्या दिवशी कारखान्यात एक मोठी मागणी रवाना व्हायची होती. मी पहिले पान पाहिले, रंग बरोबर होता, शेवटच्या पानावर सही केली आणि प्रत परत पाठवली.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी लाल निवडला. इंग्रजीत या छटेला गार्ड्स रेड म्हणतात, परंतु जर्मन यादीत तिचे नाव इंडिशरोट, म्हणजे भारतीय लाल, असे आहे. हे आईला सांगितल्यावर, मग एवढ्या लांबून कशाला मागवलास, असे ती म्हणाली.

गाडी मार्च २०२४ मध्ये अहमदाबादच्या विक्रेत्याकडे पोहोचली. मुहूर्त आईने ठरवला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी पाडवा, म्हणजे मंगळवार, ९ एप्रिल. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला या निवडीचा एक फायदा आहे, तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. दसरा आणि धनत्रयोदशीला येथल्या शोरूममध्ये उभे राहायला जागा नसते, एकेका गाडीला अर्धा तास मिळतो आणि रांगेतले पुढचे कुटुंब पेढ्यांचा डबा उघडून वाट पाहत असते. गुढीपाडवा हा तिथे आपल्या घरापुरता सण असल्यामुळे सगळी माणसे मोकळी असतात. तरीही तपासणी मुहूर्ताच्या दिवशी करायची नाही, हे मी पक्के ठरवले होते. फीत, केक, छायाचित्रे आणि घरच्यांचे फुललेले चेहरे यांच्यामध्ये उभे राहून, मला हे दार पुन्हा एकदा उघडून पाहू द्या, असे म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा नोंदणीचा आहे. गाडी आपल्या नावावर चढली, की ती कायद्याने आपली झाली, आणि त्यानंतर सापडलेली उणीव ही ग्राहकाची तक्रार ठरते. नोंदणीपूर्वी सापडलेली तीच उणीव विक्रेत्याची अडचण असते. म्हणून मी २ एप्रिलला, नोंदणीचा अर्ज दाखल होण्याआधी, तपासणीसाठी वेळ मागून घेतला आणि दोन विनंत्या लेखी कळवल्या. पहिली, गाडी धुवायची किंवा पॉलिश करायची नाही, कारण घाईने फिरवलेल्या फडक्याचे गोल ओरखडे उन्हात जन्मभर दिसतात आणि पॉलिशखाली खरे डाग लपतात. दुसरी, गाडी एकदा लिफ्टवर घ्यायची. दोन्ही विनंत्या मान्य झाल्या, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

भाचा आणि मी सकाळी द्रुतगती मार्गाने निघालो. बरोबर टॉर्च, टायरच्या दाबाचे मापक, कारखान्यातले रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आणि तेवीस ओळींची यादी होती. ही यादी मी माझ्या दुसऱ्या रचनेवरून तयार केली होती. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने होते, एक बरोबरच्या खुणेसाठी आणि दुसरा शेऱ्यासाठी. आपण चुकीच्या ड्रॉइंगवर तपासणी करायला निघालो आहोत, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

सुरुवात चेसिस क्रमांकापासून केली. हा सतरा स्थानांचा क्रमांक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात बाहेरूनही वाचता येतो. पोर्शेच्या स्पोर्ट्स गाड्यांचा क्रमांक डब्ल्यू, पी आणि शून्य यांनी सुरू होतो. दहावे स्थान मॉडेलच्या वर्षाचे असते आणि आमच्या गाडीवर तिथे आर, म्हणजे २०२४, होते. अकराव्या स्थानी एस होते, म्हणजे गाडी श्टुटगार्टच्या कारखान्यातली. मॉडेलचे वर्ष आणि गाडी प्रत्यक्ष तयार झाल्याचे वर्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच तयार होऊ लागते, म्हणून निर्मितीचा महिना पाहायचा असेल तर फॉर्म २२, म्हणजे निर्मात्याचे प्रमाणपत्र, मागून घ्यावे. मी ते घेतले आणि क्रमांकाची सतराही स्थाने भाच्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

रंगाच्या तपासणीत माझ्या यंत्राचा उपयोग झाला, परंतु त्यातही एक मेख आहे. बाजारात मिळणारी स्वस्त मापके लोखंडावरच चालतात, आणि केमनची दारे व झाकणे ॲल्युमिनियमची आहेत. तिथे साधे मापक आकडाच दाखवत नाही आणि मग माणूस उगीच घाबरतो. दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र लागते. बंपर प्लॅस्टिकचे असल्यामुळे तिथे टॉर्च तिरपी धरून डोळ्यांनीच पाहावे लागते. वाहतुकीत कुठे धक्का लागून एखादा भाग पुन्हा रंगवला असेल, तर त्या भागाचा आकडा शेजारच्या भागापेक्षा ठळकपणे वर जातो. आमचे सर्व आकडे एकमेकांच्या जवळपास होते. मागच्या उजव्या बाजूला चिकट टेपचा एक पुसट डाग होता, तो मेणाने निघाला.

टायरवर मी अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घालवला. यादीत १९ इंची चाके होती, म्हणजे पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० मापाचे टायर यायला हवे होते आणि ते तसे होते. प्रत्येक टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून चारही टायर एकाच काळातले आहेत की नाहीत ते कळते. शिवाय पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन आणि एक अंक अशी खूण असते, तीही चारही टायरांवर सारखी असल्याचे पाहिले. हवेचा दाब खूपच जास्त निघाला. जहाजातून आणि ट्रकवरून येणाऱ्या गाड्यांत तो मुद्दाम जास्त ठेवतात आणि ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी उतरवतात. ही पायरी विसरली, तर पहिल्याच फेरीत गाडी दगडासारखी आदळते आणि मालक सस्पेन्शनला दोष देतो. या गाडीत जादा चाक नसते, त्याऐवजी छिद्र बुजवणाऱ्या द्रव्याची बाटली आणि छोटा पंप असतो. तो आणि चाकांच्या चोरीरोधक बोल्टची चावी पुढच्या डिकीत आहे ना, हेही तिथेच पाहून घेतले.

टायरांपाशी उकिडवा बसलेला असतानाच भाचा म्हणाला, "मामा, टोप्या रंगीत आहेत." मी मान डोलावली आणि पुढच्या चाकाकडे सरकलो. टोप्या खरोखरच रंगीत होत्या. मी त्या यादीतून काढल्या होत्या, त्यामुळे यादीत त्यांची ओळ नव्हती आणि खूण करायला रकानाही नव्हता. काही जास्तीचे मिळाले, कदाचित विक्रेत्याने खूश होऊन लावले असेल, असे मनात आले आणि मी तो विषय सोडून दिला. कारखान्यात ऑर्डरीपेक्षा एक नग जास्त आला, तरी आमचा तपासनीस चलन परत काढायला लावतो, कारण जास्तीचा नग हा बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी ऑर्डरीतला असतो. त्या क्षणी तो तपासनीस माझ्यात नव्हता, हे खरे.

लिफ्टवर मात्र मजा आली. यादीतल्या काही ऑप्शन डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि त्यांतली मला सर्वांत महत्त्वाची होती ती पीटीव्ही, म्हणजे वळणावर मागच्या चाकांतली ओढ वाटून देणारी प्रणाली आणि तिच्याबरोबर येणारा यांत्रिक डिफरेन्शियल लॉक. डिफरेन्शियल म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, आणि लॉक तिला गरजेपुरते बांधतो. त्यासाठी ना कुठे बटण असते, ना बिल्ला. परंतु कारखानदाराला एक जुनी युक्ती ठाऊक असते. मागची दोन्ही चाके अधांतरी असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. साधा डिफरेन्शियल असेल, तर दुसरे चाक उलट दिशेने फिरते. लॉक असलेला असेल, तर दोन्ही चाके एकाच दिशेने जातात. आमची दोन्ही चाके एकत्र फिरली. "साहेब, आवुं कोई जोतुं नथी," म्हणजे असे कोणी पाहत नाही, असे म्हणत त्यांच्या मेकॅनिकने स्वतःही एकदा चाक फिरवून पाहिले.

इंजिन पाहण्याची इच्छा मात्र अपुरी राहिली. या गाडीत पुढे डिकी, मागे डिकी, आणि इंजिन दोहोंच्या मध्ये आच्छादनाखाली. मालकाच्या वाट्याला येतात ती मागच्या डिकीतली ऑइल आणि कूलंट भरण्याची दोन तोंडे. ऑइलची पातळी पाहायला दांडीदेखील नाही, ती पडद्यावर वाचावी लागते. आयुष्यभर यंत्रांत हात घातलेल्या माणसाला हे थोडे अपमानकारक वाटते.

त्यानंतर आत बसून मी एकेक बटण यादीशी ताडू लागलो आणि चौदाव्या ओळीवर थांबलो. हवा खेळणाऱ्या आसनाच्या चामड्याला मधल्या पट्ट्यात बारीक छिद्रे असतात. येथे चामडे सलग होते. बटणांच्या रांगेत पंख्याची खूण नव्हती, वर जाणाऱ्या वाफेची मात्र होती. मी ते बटण दाबले आणि दोन मिनिटांत पाठीला जे जाणवले, त्याने शंका उरली नाही. बाहेर अहमदाबादचे एप्रिलमधले ऊन होते.

माझा आवाज चढला, हे मी कबूल करतो. चौदाव्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मी 'चूक' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. प्रतिनिधी तरुण आणि सभ्य होता. त्याने वाद न घालता वॉरंटी आणि देखभालीची पुस्तिका उघडली. तिच्यात कारखान्याने चिकटवलेली एक चिठ्ठी असते. तीवर चेसिस क्रमांक, रंगाचा क्रमांक आणि त्या गाडीत बसवलेल्या ऑप्शनचे तीन-तीन अक्षर-अंकांचे संकेत ओळीने छापलेले असतात. ही चिठ्ठी म्हणजे गाडीची जन्मपत्रिका आहे, आणि तपासणीची सुरुवात खरे तर तिच्यापासूनच करायला हवी. आम्ही दोघांनी एकेक संकेत त्याच्या पडद्यावर उलगडला. चिठ्ठीवर तापणारी आसने होती आणि रंगीत टोप्याही होत्या. गाडी चिठ्ठीशी तंतोतंत जुळत होती.

टोप्यांचे नाव ऐकताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तापणारी आसने आणि रंगीत टोप्या या जोडीने फक्त एकाच ठिकाणी होत्या, भाच्याच्या जुलैतल्या रचनेत. म्हणजे ऑर्डर पहिल्या संकेतांकावरून गेली होती. प्रतिनिधीने फोनवरचे जुने संदेश वर सरकवले, तर दोन्ही संकेतांक त्याला माझ्याकडूनच गेलेले होते. पहिला मी जुलैत, नुसते दाखवण्यासाठी म्हणून, पाठवला होता. दुसरा पाठवताना, हा नवा आहे, जुना रद्द समजावा, असे चार शब्द मी लिहिलेले नव्हते. त्याने विचारायला हवे होते. मी सांगायला हवे होते. आणि या दोन्हींच्या वर, माझी सही असलेली पक्की प्रत माझ्याच ईमेलमध्ये होती. तिथल्या तिथे फोनवर उघडली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ती ओळ स्वच्छ छापलेली होती.

त्यापुढची चर्चा तासभर चालली, पण तिचा सारांश छोटा आहे. आसने नंतर बदलून हवेची करता येतील का, याचे उत्तर विक्रेत्याच्या कार्यशाळेने नकारार्थी दिले. गाडी नाकारण्याचा मार्ग होता, परंतु गाडी माझ्या सहीच्या ऑर्डरीप्रमाणे आलेली असल्यामुळे अनामत परत मागण्याला आधार नव्हता, आणि नव्या ऑर्डरीसाठी पुन्हा अनेक महिने थांबावे लागले असते. मी गाडी स्वीकारली. पहिल्या दोन वार्षिक सर्व्हिसची मजुरी घेणार नाही, असे त्यांनी लेटरहेडवर लिहून दिले. मागच्या काचेवर आणि नंबरप्लेटच्या चौकटीवर लावण्यासाठी त्यांनी काढून ठेवलेली आपल्या दुकानाच्या नावाची पट्टी लावू नये, हेही मी त्याच कागदावर लिहून घेतले. त्या दिवशी जिंकलेली ती एकमेव गोष्ट असल्यामुळे मला ती मोलाची वाटली. पुढची नंबरप्लेट बंपरला छिद्रे न पाडता तिच्या धारकावरच बसवावी, हे मात्र त्यांनी न सांगताच केले.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आयकरापोटी गोळा करायचा कर, घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. विमा घेताना तृतीय पक्षाचा भाग एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आमच्या विम्याच्या कागदावर एक गंमत सापडली. चेसिस क्रमांकातल्या तिसऱ्या स्थानी शून्याऐवजी इंग्रजी ओ हे अक्षर टंकलेले होते. चेसिस क्रमांकांत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत, नेमका हाच घोळ टाळण्यासाठी. दिसायला फरक केसाएवढाही नाही, पण उद्या अपघाताच्या दाव्याच्या वेळी संगणकाला तो डोंगराएवढा वाटू शकतो. विमा कंपनीला दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी पाठवला.

गाडी ८ एप्रिलच्या रात्री सपाट पाठीच्या ट्रकवरून बडोद्याला आली. चालवत आणता आली असती, परंतु पहिली फेरी पाडव्याला आईला बसवून करायची, असे ठरलेले होते. ट्रक मी घरी न बोलावता मकरपुऱ्याला बोलावला, कारण तिथे लाकडी फळ्या आहेत, माणसे आहेत आणि शेडमध्ये भरपूर उजेड आहे. एवढ्या बुटक्या गाडीचे नाक ट्रकच्या उताराच्या टोकाला टेकते. चार फळ्या एकावर एक सरकवून उतार लांबवला, तेव्हा ती खाली आली. पट्टे चाकांवरूनच बांधलेले आहेत, हे पाहून समाधान वाटले. मीटरवर अहमदाबादला १८ किलोमीटर होते आणि तेव्हा मी त्याचे छायाचित्र काढून ठेवले होते. आता २१ होते. लिफ्टपर्यंत, धुण्याच्या जागेपर्यंत आणि ट्रकपर्यंतचे ते तीन किलोमीटर मी मान्य केले.

इंजिन चालू करून तपासायच्या ओळी रात्री शेडमध्ये पूर्ण केल्या. डॅशबोर्डच्या माथ्यावर स्टॉपवॉच आणि स्टीअरिंगवर फिरवायची छोटी कळ, या स्पोर्ट क्रोनो नावाच्या ऑप्शनच्या दोन खुणा होत्या. त्या कळीच्या मध्यभागी एक बटण असते, ते दाबले की वीस सेकंदांपुरते इंजिन आणि गिअरपेटी पूर्ण सज्ज होतात आणि पडद्यावर उलटी मोजणी दिसते. शेडमध्ये मी ती मोजणी फक्त पाहिली. स्पोर्ट एग्झॉस्टचे बटण दाबल्यावर पत्र्याच्या छपराने जो सूर धरला, त्यामुळे रात्रपाळीचा पहारेकरी धावत आला. घट्ट सस्पेन्शनच्या बटणाचा दिवा लागला, दुमडणारे आरसे दुमडले. या आरशांवरून घरात बोलणी खाल्ली होती, परंतु मांडवीच्या बाजूला गाडी नेऊन पाहिली, की कोणाचाही विरोध मावळावा. टायरच्या दाबाच्या पडद्यावर चाकांचा आकार १९ इंच असाच नोंदलेला होता आणि दाब आता उतरवलेला होता. तेवीसपैकी बावीस ओळींपुढे बरोबरची खूण झाली. ब्रेकची कॅलिपर, म्हणजे चाकाआडून दिसणारी ब्रेकच्या चकतीची पकड, काळी का, लाल का नाहीत, असे आमच्या फोरमनने विचारले. लाल रंग वरच्या एस मॉडेलला मिळतो, हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे किंचित सहानुभूतीने पाहिले.

पाडव्याला सकाळी गुढी उभारल्यावर गाडी कारेलीबागेत घरापुढे आणली. सोसायटीच्या गतिरोधकाची उंची मी आदल्या आठवड्यात पुठ्ठ्याचा साचा कापून मोजली होती, तरी त्यावरून जाताना श्वास रोखला गेला. तिरपे, एकेक चाक चढवत नेले आणि काही टेकले नाही. पूजेचा प्रश्न मात्र साच्याने सुटणारा नव्हता. कुंकवाचे स्वस्तिक लाल रंगावर काढले, तर ते दिसणार नाही आणि डाग मात्र राहील, अशी दुहेरी अडचण मी मांडली आणि काच सुचवली. "काचेवर स्वस्तिक काढतात का कुठे? उद्या पुसशील आणि वर म्हणशील आईने काढलंच नव्हतं," असे म्हणून आईने हळदीच्या बोटाने पुढच्या झाकणावर एक लहान स्वस्तिक काढले. हाराची तार मी आधीच काढून तिथे दोरा ओवला होता. चार चाकांखाली चार लिंबे ठेवली, नारळ गाडीपासून दहा पावलांवर फोडला, आणि दुलीरामचे पेढे शेजारीपाजारी वाटले. त्याच वेळी विक्रेत्याच्या प्रतिनिधीचा फोन आला. "साहेब, बधुं बराबर छे ने?" असे त्याने विचारले, आणि मी हो म्हणालो.

पहिली फेरी आईबरोबर न्यायमंदिरावरून सूरसागरापर्यंत केली. नव्या टायरांना आणि ब्रेकना रुळायला वेळ लागतो आणि पहिले ३,००० किलोमीटर इंजिन फार ताणू नये असे पुस्तिकेत बजावलेले आहे, त्यामुळे रिक्षा आम्हाला मागे टाकून जात होत्या आणि रिक्षावाले वळून पाहत होते. एवढ्या खाली बसायला आईला त्रास झाला, उतरताना तर दोघांनी हात दिला. मधल्या वाटेत तिने पाठीचे बटण कोणते ते विचारले. भाच्याने तिला सर्व सांगून ठेवलेले होते. एसी पूर्ण चालू, बाहेर चाळीसच्या आसपास तापमान, आणि शेजारच्या आसनावर आई पाठ शेकत बसली. परत येईपर्यंत तिने ते बंद करू दिले नाही.

विम्याचा दुरुस्त कागद पुढच्या आठवड्यात आला. तो फाईलला लावताना यादी समोर आली. सही केलेली ऑर्डर, पुस्तिकेतल्या चिठ्ठीचे छायाचित्र आणि ती यादी असे तीन कागद मी शेजारी ठेवून पुन्हा वाचले. चौदाव्या ओळीच्या शेऱ्याच्या रकान्यातला शब्द मी खोडला, त्यावर आमच्या तपासणी विभागातल्या पद्धतीप्रमाणे आद्याक्षरे आणि तारीख घातली, आणि बाजूला लिहिले, 'मागवले तसे आले'.